एडीएच आणि एएलडीएच : दारू पचवणारे दोन जीन्स आणि 'अमर' प्रकरण

'दारू पचवणारा जीन आयुष्य वाढवतो' अशी बातमी फिरली की खाली लगेच 'मग आज बसायचं का' सुरू होतं, ते सोडा, पण त्या नादात दोन जीन्सची पार सरमिसळ होते. एक एडीएच (अल्कोहोल डिहायड्रोजिनेज) आणि दुसरा एएलडीएच (अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज), दोघेही त्याच नावाचं एन्झाइम, म्हणजे शरीरातली रासायनिक कामं करणारं प्रथिन, बनवतात. नावात नुसता एक 'एल' जास्त, कामं मात्र एकापुढे एक.

दारूतलं इथेनॉल लिव्हरमधे आलं की आधी एडीएच त्याचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतो, आणि हे प्रकरण इथेनॉलपेक्षा जास्त विषारी. मग एएलडीएच, मुख्यतः मायटोकॉन्ड्रियातला (पेशीच्या ऊर्जाघरातला) एएलडीएच२ हा त्याचा प्रकार, त्याचं अ‍ॅसिटेट करून टाकतो, त्याचा फारसा त्रास नाही. म्हणजे पहिला घाण करतो, दुसरा निस्तरतो.

घोळ वाढतो कारण दोन्हीकडे बिघडलं तरी बाहेरून सारखंच दिसतं. पूर्व आशियात बऱ्याच लोकांत एएलडीएच२चा मंद व्हेरिएंट (जीनचं थोडं वेगळं रूप) असतो, जगभरात मिळून असे ५० कोटींच्या वर लोक आहेत, त्यांना दोन घोटात चेहरा लालबुंद, धडधड, मळमळ. तिकडेच एडीएच१बीचा (एडीएचचाच एक प्रकार) फास्ट व्हेरिएंटही कॉमन आहे, त्यात विष भराभर तयार होतं. दोन्ही प्रकारात पिणं नकोसं होतं म्हणून व्यसन लागायची शक्यता कमी. डायसल्फिराम नावाची दारू सोडवायची गोळी पण हेच करते, एएलडीएच अडवते.

पण मंद एएलडीएच२ म्हणजे वरदान असं समजू नका हां. प्रत्येक जीनच्या आपल्यात दोन कॉपी असतात, आईकडून एक, वडिलांकडून एक. मंद व्हेरिएंटच्या दोन्ही कॉपी असलेल्यांना पिणं जवळपास जमतच नाही म्हणून ते सुटतात, एकच कॉपी असलेले मात्र हळूहळू सवय करून पीत राहतात आणि त्यांच्यात अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो. लाल चेहरा ही वॉर्निंग आहे, लोक त्यावर जोक करतात.

आता आयुष्याचं. २०२३ मधे व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एलीन ओ'रूर्क यांच्या लॅबने सी. एलिगन्स या इवल्याशा कृमीत एडीएच-१ जीन जास्त चालवला तर ते साधारण ५० टक्के जास्त जगले आणि म्हातारपणीही ठणठणीत राहिले. या यंत्रणेला त्यांनी नाव दिलं अमर, लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून, पण अर्थ आपल्याला माहितीये तोच, संस्कृतातला (हे वाचून मला भारीच वाटलं). त्या कृमींना कोणी दारू पाजली नव्हती. चरबी मोडताना शरीरातच ग्लिसरॉल तयार होतं, केमिस्ट्रीत तेही अल्कोहोलच, आणि वयाबरोबर ते आणि त्यातून निघणारं ग्लिसराल्डिहाइड साचून नुकसान करतं, ते साफ करायचं काम हे एन्झाइम करतात. माणसात उपास किंवा कमी कॅलरीच्या अभ्यासांतल्या डेटातही एडीएच जीन्स जास्त ॲक्टिव्ह दिसलेत, पण त्यामुळे माणूस जास्त जगला असं काही सिद्ध झालेलं नाही.

आणि इथेच तो 'एल' महत्त्वाचा ठरतो. अमरच्या पूर्ण नावात दोन्ही एन्झाइम्स आहेत, एकटा एडीएच नाही. उद्या एडीएच वाढवणारं औषध निघालंच आणि ते मंद एएलडीएच२ असलेल्या, वर पिणाऱ्या माणसाला दिलं तर पहिला जोरात घाण करणार आणि दुसरा थकलेला, मग ते सगळं अ‍ॅसिटाल्डिहाइड साठणार कुठे, त्याच्याच अंगात.