पार्श्वभूमी : ‘स्वतंत्र’ सर्च कशाला म्हणायचे?

मुलांच्या हातात पहिला फोन येतो, तेव्हा त्यातली शोधाची चौकट कुणाची हे आधीच ठरलेले असते. ती आपलीच राहावी म्हणून सर्वांत मोठ्या सर्च कंपनीने, गूगलने, एकट्या २०२१ मध्ये फोन आणि ब्राउझरवाल्यांना मिळून २६.३ अब्ज डॉलर मोजले. हा आकडा अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने मक्तेदारी बेकायदा ठरवली, पण सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने करारांपैकी ‘दुसऱ्या कुणाला घेऊ नका’ छापाचे तेवढे बंद झाले. पैसे देऊन फोनमधली पहिली जागा मिळवायची मुभा राहिलीच. जाहिरातींवर चालणारे सर्च जाहिरातदारांकडे झुकणारच, असे याच कंपनीच्या संस्थापकांनी १९९८ मध्ये लिहिले होते. २००० मध्ये त्यांनीही जाहिराती घेतल्या.

आपल्या स्पर्धा नियामकाने याच कंपनीला फेब्रुवारी २०१८ मध्ये निकालांच्या मांडणीतल्या पक्षपाताबद्दल १३५.८६ कोटींचा दंड ठोठावला, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड फोनवरच्या वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल १,३३७.७६ कोटींचा. नवा फोन सुरू करतानाच सर्च इंजिन निवडता आले पाहिजे, हेही त्या दुसऱ्या आदेशात होते. आदेश योग्यच होता. पण तालुक्याच्या गावात फोन दुकानदारच काउंटरवर चालू करून देतो : भाषा, ईमेल, मग ‘पुढे’, ‘पुढे’, ‘पुढे’. आणि शाळकरी पोरांना मिळतो तो दादाचा नाहीतर बाबांचा जुना फोन. निवडीचा तो पडदा ज्यांच्यासाठी सर्वांत मोलाचा, त्यांनी तो पाहिलेलाच नसतो.

खरा गुंता आहे तो ‘स्वतंत्र’ या शब्दात. मोफत तर जवळपास सगळीच सर्च इंजिने आहेत. काही तुमचा माग ठेवत नाहीत, ही मोठी गोष्ट, पण तिला खासगीपणा म्हणावे, स्वातंत्र्य नव्हे. स्वातंत्र्य ठरते ते सूचीवरून, म्हणजे वेबवरची पाने हिंडून, वाचून केलेल्या नोंदींवरून. इंग्रजी आणि इतर भाषांतली अब्जावधी पाने सामावणारी सूची बाळगणे इतके खर्चिक आहे, की ‘पर्यायी’ म्हणवणाऱ्या बऱ्याच सेवा दुसऱ्याच्या सूचीतले निकाल विकत घेऊन दाखवतात. दारावरची पाटी वेगळी, डबा त्याच खानावळीतला. ऑगस्ट २०२५ मध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या सूचीवाल्या कंपनीने निकाल विकण्याची खुली सोय बंद केली, तेव्हा छोट्या सेवांची जी धावपळ झाली त्यातून हे उघडे पडले.

युरोपात सप्टेंबर २०२२ पासून सात देशांतल्या १४ संस्था सार्वजनिक पैशातून एक खुली सूची उभारू लागल्या, ती याच कारणासाठी. कुणीही ती घेऊन त्यावर आपले सर्च बांधावे, असा त्यांचा हेतू.

इकडे दहावीचा निकाल लागला की मुलगी ‘दहावीनंतर काय’ असे टाइप करते. वर ‘प्रायोजित’ लिहिलेले खासगी क्लास दिसू शकतात, सरकारी तंत्रनिकेतनाचे पान बरेच खाली असू शकते. पण निदान ते असते, बोट सरकवून गाठता येते. ऑगस्ट २०२४ पासून भारतात दुव्यांच्याही वर एआयने लिहिलेले तयार उत्तर येऊ लागले. तेही त्याच सूचीतून उचललेले असते, आणि त्यात कोणती पाने घेतली नाहीत हे तिला दिसत नाही.