कोरॉइड प्लेक्सस सिस्ट : भीती आली कुठून?

अ‍ॅनॉमली स्कॅनच्या, म्हणजे गर्भातले दोष पाहण्यासाठीच्या सोनोग्राफीच्या, अहवालात 'कोरॉइड प्लेक्सस सिस्ट' असे आले की घरात पहिला शब्द निघतो तो 'बाळाच्या मेंदूत गाठ'. ही गाठ नव्हे. मेंदूच्या पोकळ्यांतले पाणी कोरॉइड प्लेक्सस तयार करतो. त्याच्या घड्यांत थोडे पाणी अडकले की काळा, गोल ठिपका दिसतो. शंभरातल्या एक-दोन गर्भांत तो आढळतो आणि बहुतेकदा २८ आठवड्यांपर्यंत विरून जातो.

ग्लासगोत इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये गर्भाची सोनोग्राफी प्रसिद्ध केली, तेव्हा डोक्याची बाह्यरेषा दिसणे हीच मोठी गोष्ट होती. मेंदूच्या आतले बारकावे दिसायला यंत्रे सुधारावी लागली. १९८४ मध्ये लंडनच्या चडली, पिअर्स आणि कॅम्पबेल यांनी या सिस्ट नोंदवल्या, आणि शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांना 'तात्पुरत्या' म्हटले. पण १९८६ मध्ये निकोलायडीस आणि सहकाऱ्यांनी ट्रायसोमी १८ शी, म्हणजे अठरावे गुणसूत्र दोनऐवजी तीन असण्याशी, त्यांचा संबंध दाखवला आणि चित्र पालटले. केवळ सिस्टपायी अनेकींना गर्भजल तपासणी, म्हणजे पोटातून सुई घालून गर्भजल काढणे, सुचवली जाऊ लागली. त्या तपासणीतून गर्भपाताचा धोका तेव्हा शंभरात एक सांगत.

चूक गणिताची होती. सुरुवातीच्या अभ्यासांतले बरेच गर्भ आधीच्या संशयावरून मोठ्या केंद्रांत आलेले होते. ट्रायसोमी १८ च्या सुमारे निम्म्या गर्भांत सिस्ट असते हे खरे, पण सिस्ट असलेल्या गर्भांत ट्रायसोमी १८ क्वचितच असते. असली तर इतर खुणा जवळजवळ नेहमीच सापडतात : हृदयातला दोष, घट्ट मिटलेली मूठ आणि एकमेकांवर चढलेली बोटे, पायाचा बाहेर फुगलेला तळवा, खुंटलेली वाढ. म्हणून सिस्ट दिसली की मूठ उघडते का, हे थांबून पाहावेच. घाईच्या स्कॅनमध्ये नेमके तेच राहते. प्रोबजवळचा (पोटावर फिरवायच्या उपकरणाजवळचा) मेंदूचा अर्धा भाग कवटीच्या प्रतिध्वनींनी झाकला जातो, त्यामुळे 'एकाच बाजूला सिस्ट' हा निष्कर्षही जपून काढावा.

बाकी स्कॅन नीट आणि ट्रायसोमीची रक्तचाचणी कमी धोक्याची आली असेल, तर सुई घालायची गरज नाही. सिस्ट गेली का, एवढ्यासाठी पुन्हा स्कॅन करण्यातही अर्थ नाही : ट्रायसोमी १८ मध्येही ती तशीच विरते.