माळ घातल्यावर हात का थरथरतात?

‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ ही जाहिरात आता मोबाइलवरही दिसते. भाजीत पूड मिसळा, काम झालं! त्या पुडीत डायसल्फिराम असेल तर हा प्रकार जिवावर बेतू शकतो. दारूपासून शरीरात तयार होणारं अॅसिटाल्डिहाइड पुढे मोडणारं विकर हे औषध बंद पाडतं. मग दोन घोट पोटात गेले तरी उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. डॉक्टरही हे औषध देतात, पण रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीने.

खरी गाठ मेंदूत आहे. चेतापेशींना शांत करणारं रसायन गाबा आणि उत्तेजित करणारं ग्लुटामेट. दारू गाबाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेटचे एनएमडीए ग्राहक (पेशीवरच्या, ते रसायन पकडणाऱ्या जागा) दाबते. रोजच दारू येऊ लागली की मेंदू उलट तयारी करतो. गाबाचे ग्राहक बोथट होतात, एनएमडीए ग्राहक वाढतात. आता दारू पोटात असेल तरच तोल राहतो. अशा माणसाने एकादशीला माळ घातली आणि त्याच दिवशी दारू तोडली, की दाबणारं कुणी उरत नाही आणि ग्लुटामेट मोकाट सुटतं. काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम आणि भास. घरचे घाबरून म्हणतात, “थोडी द्या, सोडल्यानेच झालं.” माळेवरची श्रद्धा खोटी नसते, पण ग्राहकांची संख्या शपथेने बदलत नाही. शिवाय असं सोडणं-धरणं वारंवार झालं, तर पुढच्या खेपेचा त्रास आणखी तीव्र होऊ शकतो. म्हणून डॉक्टर गाबा ग्राहकांवर काम करणारं डायझेपामसारखं औषध देऊन ते हळूहळू कमी करतात. सोबत थायमिन, म्हणजे बी१ जीवनसत्त्व देतात.

ही झाली काही दिवसांची लढाई. ओढ मात्र कितीतरी जास्त टिकते, आणि दारू सोडणाऱ्यांच्या मदतगटातल्या १२ पायऱ्यांचं काम तिथे आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रनमध्ये शेअर दलाल बिल विल्सन आणि सर्जन बॉब स्मिथ या दोन दारुड्यांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (एए) हा मदतगट उभा राहिला. त्याच्या १२ पायऱ्या १९३९ मध्ये छापल्या गेल्या. दारूपुढे आपलं काही चालत नाही, ही पहिली कबुली. पुढे स्वतःची झडती, ती दुसऱ्या माणसाला सांगणं, दुखावलेल्यांची यादी आणि भरपाई. पायऱ्यांत देवाचा उल्लेख आहे, म्हणून काही विवेकवादी मित्र नाक मुरडतात. मला ते पटत नाही; परिणाम मोजता येतो. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसं होती. पद्धतशीरपणे एएशी जोडून देणाऱ्या उपचारांनंतर वर्षभराने सुमारे ४२ टक्के लोक पूर्ण कोरडे होते, इतर मानसोपचारांत ३५ टक्के.

हा फरक का पडतो? एएच्या मीटिंगमुळे माणसाची संगत बदलते. संध्याकाळी सातला गुत्त्याकडे वळणाऱ्या पावलांना दुसरी जागा मिळते, फोन उचलणारा स्पॉन्सर, म्हणजे आधी दारू सोडलेला जुना सभासद, मिळतो. पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत औषधं, समुपदेशन आणि गट हे सगळं एका छताखाली मिळतं. सकाळी उठल्या उठल्या प्यावी लागणाऱ्याने, किंवा आधी कधी फिट आलेल्याने, दारू तोडण्याआधी डॉक्टर गाठावा. आणि मीटिंग त्याच आठवड्यात सुरू करावी.