उणे २० डिग्रीत विमानाचं इंजिन चालू झालं, तरी पहिलं मिनिट अवघडच

चार सीटांचं छोटं विमान रात्रभर उणे २० डिग्रीत उघड्यावर उभं राहिलं तर सकाळी चालू होईल का, हे सगळे विचारतात. मला विचाराल तर जास्त काळजी ते चालू झालं तर आहे.

चालू न होण्याची कारणं तशी सरळ. बॅटरी गारठली की तिचा जोर निम्म्यावर येतो, आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. त्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, आणि पेटते ती वाफच, म्हणून प्रायमर (हाताने मारायचा छोटा पंप) मारून थोडं जास्तीचं पेट्रोल आत सोडतात. ते फार झालं तर सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन जातं आणि बॅकफायर झालं, म्हणजे ज्वाळा उलट मागे आली, तर इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या नळीत) आगही लागते (तेव्हा स्टार्टर सोडायचा नाही, फिरवत राहायचं, म्हणजे ज्वाळा आत ओढल्या जातात).

खरा वैताग म्हणजे इंजिन दोन-चार ठोके मारून बंद पडतं तो. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते, ती गार स्पार्क प्लगच्या टोकावर गोठते, फट बर्फाने बुजते आणि ठिणगीच पडत नाही. मग कितीही स्टार्टर मारा, बॅटरी तेवढी उतरते. प्लग काढून गरम करा नाहीतर अख्खं इंजिन गरम करा.

आणि समजा चालू झालं. क्रँककेस (इंजिनची बाहेरची पेटी) ॲल्युमिनियमची, तिच्यात फिरणारा मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट, स्टीलचा, आणि ॲल्युमिनियम थंडीत स्टीलच्या जवळपास दुप्पट आकसतं. ६० मिलिमीटर जाडीच्या शाफ्टचा हिशोब केला तर ४० डिग्री तापमान उतरल्यावर बेअरिंगमधली (शाफ्ट ज्यात टेकून फिरतो त्या जागेतली) फट साधारण ०.०२६ मिलिमीटरने कमी होते, आणि ती फट असते मुळात मिलिमीटरच्या काही शतांशांची! म्हणजे जागा कमी, ऑइल घट्ट, ते पोचायला वेळ, आणि शाफ्ट मात्र फिरतोय. झीज होते ती इथे.

म्हणून प्रीहीट, म्हणजे चालू करायच्या आधी इंजिन गरम करणं. लायकमिंग ही इंजिन बनवणारी कंपनी तिच्या बहुतेक इंजिनांना उणे १२ च्या खाली ते करायला सांगते, दुसरी कंपनी काँटिनेंटल उणे ७ च्या खालीच. पण घाईत नुसत्या सिलेंडरवर गरम हवा मारली तर हेडचं (सिलेंडरच्या वरच्या भागाचं) टेंपरेचर मस्त दिसतं आणि खाली संपमधलं (ऑइल साठतं त्या भांड्यातलं) ऑइल तसंच थिजलेलं, त्यामुळे केस, संप, सिलेंडर सगळ्यात ऊब मुरू द्यावी लागते. अलास्का आणि उत्तर कॅनडातले जुने बुश पायलट (दुर्गम भागात छोटी विमानं उडवणारे) तर संध्याकाळी ऑइल काढून शेगडीजवळ ठेवायचे, सकाळी इंजिनवर कापडी तंबू टाकून खाली स्टोव्ह पेटवायचे, आणि आग लागू नये म्हणून एक जण तिथेच बसून राहायचा.

चालू झाल्यावर आरपीएम कमी ठेवायचा आणि नजर ऑइल प्रेशरवर, थंडीत मिनिटभरात काटा हलला नाही तर सरळ बंद. आणि निघायच्या आधी ब्रीदर पाइप (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारी नळी) बघायचाच, आतली वाफ तोंडाशी गोठून तो बुजला तर केसमधलं प्रेशर पुढचं सील उडवतं आणि सगळं ऑइल बाहेर.