पार्श्वभूमी : निको आणि तिची पेटी

पिवळ्या केळ्याचं ते चित्र आज टी-शर्टवर, मगवर, भिंतींवर कुठेही दिसतं. मुळात ते मार्च १९६७ मध्ये न्यूयॉर्कहून निघालेल्या एका अल्बमचं मुखपृष्ठ. चित्र अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलचं. पहिल्या प्रतींवर केळ्याची साल खरोखर सोलता यायची आणि आतून गुलाबी केळं निघायचं. अल्बमचं नाव ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको’. बँडच्या नावापुढे ‘आणि’ लावून जोडलेली ही निको कोण, हे केळं ओळखणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक असतं तेही तिची ओळख करून देताना पुरुषांची, तेही नामांकित गायकांची, यादी वाचतात: बॉब डिलनने तिला गाणं दिलं, बँडचा गायक-गीतकार लू रीडने तिच्यासाठी गाणी लिहिली, लिओनार्ड कोहेन तिच्या प्रेमात होता, जिम मॉरिसन तिचा मित्र होता. यातलं काहीच खोटं नाही. पण या यादीत तिने स्वतः काय केलं ते कुठेच येत नाही, आणि मला ते फार लागतं.

तिचं खरं नाव क्रिस्टा पॅफगेन. जन्म १६ ऑक्टोबर १९३८, जर्मनीतल्या कोलोन शहरात. पॅफगेन हे कोलोनमधलं बिअर गाळणारं जुनं घराणं. त्यांच्या नावाची बिअर तिथे आजही मिळते. वडील युद्धात गेले. ते कसे गेले, हे क्रिस्टा आयुष्यभर निरनिराळ्या तऱ्हेने सांगत राहिली. कोलोनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा आई तिला घेऊन बर्लिनच्या दक्षिणेला लुबेनाउ गावी आजोबांकडे गेली. आजोबा रेल्वेत होते. युद्ध संपल्यावर मायलेकी बर्लिनला आल्या. शहर ढिगाऱ्यांत होतं. आई शिवणकाम करायची, मुलीने तेराव्या वर्षी शाळा सोडली.

उंच, सोनेरी केसांची, फारशी न हसणारी ही मुलगी किशोरवयातच मॉडेल झाली. छायाचित्रकार हर्बर्ट टोबियासने तिला ‘निको’ हे नाव दिलं. टोबियासचं चित्रपट दिग्दर्शक निकोस पापाताकिसवर प्रेम होतं, त्याच्यावरून. म्हणजे जगाने तिला ज्या नावाने ओळखलं ते नावही दुसऱ्या कोणाच्या आठवणीतून आलेलं होतं. पुढे पॅरिसमध्ये ती याच पापाताकिससोबत राहिली आणि घरात तिला गुणगुणताना ऐकून त्यानेच तिला गाण्याच्या शिकवणीला घातलं.

पन्नासच्या दशकात तिचे फोटो ‘व्होग’ आणि ‘एल’ या फॅशन मासिकांत येत होते. १९६० साली ती इटालियन दिग्दर्शक फेलिनीच्या ‘ला दोल्चे व्हिता’त दिसली, तीही ‘निको’ म्हणूनच. १९६२ साली जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सच्या ‘मून बीम्स’ या रेकॉर्डवर मुखपृष्ठभर तिचा चेहरा आहे. रेकॉर्डवर चेहरा आला तेव्हा तिच्या आवाजाची कोणी दखलही घेतलेली नव्हती. त्याच वर्षी तिला मुलगा झाला, आरी. त्याचे वडील अभिनेते अलाँ दलाँ आहेत असं ती सांगे. दलाँ यांनी ते अखेरपर्यंत नाकारलं. आरीला वाढवलं मात्र दलाँ यांच्या आईने.

१९६५ मध्ये लंडनला तिची पहिली रेकॉर्ड निघाली आणि विरून गेली. मग न्यूयॉर्क, आणि वॉरहॉलचा स्टुडिओ. तिथे व्हेल्व्हेट अंडरग्राउंड नुकतेच दाखल झाले होते. वॉरहॉलचा सहकारी पॉल मॉरिसीला वाटलं की या बँडला रंगमंचावर बघावंसं वाटेल असं कोणी हवं, म्हणून निकोला आणलं. बँडला ती नकोच होती. ‘अँड निको’ या नावात ती तडजोड जशीच्या तशी छापलेली आहे: ती बँडसोबत आहे, बँडमधली नाही. अकरापैकी तीन गाणी तिने मुख्य आवाजात गायली. त्यातलं ‘फाम फाताल’ अनेकजण तिच्यावरचं गाणं समजतात, पण ते लू रीडने वॉरहॉलच्या सांगण्यावरून त्याच्या वर्तुळातल्या ईडी सेजविक या अभिनेत्रीवर लिहिलं होतं. अल्बम त्या वेळी ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत १७१च्या वर चढला नाही. २००३ साली ‘रोलिंग स्टोन’ या संगीतविषयक नियतकालिकाने सर्वकाळच्या श्रेष्ठ अल्बममध्ये त्याला तेरावं स्थान दिलं.

१९६७ च्या अखेरीस तिचा पहिला स्वतंत्र अल्बम आला, ‘चेल्सी गर्ल’. सगळी गाणी जवळपास इतरांचीच. निर्मात्याने तिला न विचारता त्यावर व्हायोलिनं आणि बासरी चढवली. ढोलकं हवी होती, ती दिली नाहीत. बासरी ऐकून आपल्याला रडू आलं, असं ती पुढे म्हणाली. ऐकणाऱ्याला ती बासरी गोड वाटू शकते. पण खर्जातला, जड जर्मन उच्चारांचा तिचा आवाज त्या गोडव्यात कसा अवघडून उभा आहे, हे एकदा लक्षात आलं की तिचं रडू कळतं.

इथून पुढचं आयुष्य तिने स्वतः घडवलं. जिम मॉरिसनने तिला सांगितलं होतं की तुझी गाणी तू लिही, तुला पडणारी स्वप्नं लिहून काढ. ती लिहू लागली. सोनेरी केस तिने मेंदीने गडद केले, पांढरे कपडे सोडून काळे धरले. ज्या रूपावर तिचं पोट चाललं होतं ते तिने ठरवून पुसलं. आणि तिने वाद्य निवडलं हार्मोनियम.

मराठी माणसाला हे वाचून जरा थबकायला होतं. आपल्याकडे पेटी म्हणजे भजन, संगीत नाटक, गाण्याची शिकवणी. निको जी वाजवायची ती पायाने भाता मारायची पेटी, दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. नाटकातल्या पायपेटीची सख्खी बहीणच म्हणा. पेटीचे सूर ठरलेले, तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही. याच तक्रारीवरून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बाहेर ठेवलं होतं. निकोला मात्र तेच हवं होतं. एक न हलणारा सूर धरायचा आणि त्यावर सावकाश, जवळजवळ भावना न दाखवता गायचं. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्याला तिचं गाणं न्यूयॉर्कच्या श्रोत्यांइतकं परकं वाटू नये, असं मला मनापासून वाटतं.

नोव्हेंबर १९६८ मध्ये ‘द मार्बल इंडेक्स’ आला. सगळी गाणी तिची. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडमधला जॉन केल याने त्याची संगीतरचना केली. पेटी इतर वाद्यांशी नीट जुळत नव्हती, तेव्हा त्याने ती तशीच मध्यभागी ठेवली आणि व्हायोला, पियानो, घंटा तिच्याभोवती रचल्या. जेमतेम अर्ध्या तासाचा हा अल्बम विकला गेला नाही. त्यात रॉक म्हणावं असं काहीच नव्हतं. ना ढोल, ना ठेका. पण पुढे ज्याला ‘गॉथ’ म्हणू लागले त्या काळोख्या, उदास रॉक संगीताचं एक मूळ इथे आहे. १९७० चा ‘डेझर्टशोर’ आणि १९७४ चा ‘दि एंड’ हेही केलसोबतचेच.

सत्तरच्या दशकात ती पॅरिसला, दिग्दर्शक फिलिप गारेलसोबत राहिली. त्याच्या चित्रपटांतून कामं केली. पैसा नव्हता, हेरॉइन होतं. ते व्यसन पंधरा वर्षांहून अधिक चाललं आणि पुढे आरीलाही त्यात घेऊन गेलं. तिच्या तोंडची वर्णद्वेषी बोलणी सोबतच्यांनी आणि चरित्रकारांनी नोंदवली आहेत. तिचं संगीत मला प्रिय आहे म्हणून तो भाग गाळणं मला पटत नाही.

१९७८ च्या सुमारास तिची पेटी चोरीला गेली. अमेरिकी गायिका पॅटी स्मिथने पॅरिसमध्ये एका आडबाजूच्या दुकानातून दुसरी शोधून तिला विकत घेऊन दिली. पैसे आले की परत करीन, असं निको म्हणाली. पॅटीने ते ऐकून घेतलं नाही. आपल्याला तेव्हा आनंदही झाला आणि लाजही वाटली, असं निकोने पुढे सांगितलं. तिच्या बाबतीत कोणी काही ‘दिलं’ अशा गोष्टी पुष्कळ आहेत; ही मला सर्वांत खरी वाटते, कारण हिच्यात एका कलाकाराने दुसऱ्या कलाकाराला तिचं हत्यार परत दिलं.

ऐंशीच्या दशकात तिचा मुक्काम मँचेस्टरला होता. लहान गाड्यांतून लहान सभागृहांचे दौरे, बहुधा सोबत पेटी. १९८५ चा ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ हा तिचा शेवटचा स्टुडिओ अल्बम, पुन्हा केलसोबत. जून १९८८ मध्ये ती बर्लिनच्या तारांगणात गायली. पुढच्याच महिन्यात इबिझा बेटावर, तापल्या उन्हात सायकलवरून जाताना ती कोसळली. एका टॅक्सीवाल्याने तिला रुग्णालयात पोचवलं. आधी उष्माघात समजला गेला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. १८ जुलै १९८८ रोजी ती गेली. वय ४९.

बर्लिनच्या ग्रूनेवाल्ड जंगलातल्या छोट्या दफनभूमीत तिच्या आईची कबर होती. त्याच जागी तिलाही ठेवलं. मित्रांनी कॅसेटवर एक गाणं लावलं, ‘डेझर्टशोर’मधलं ‘म्यूटरलाइन’. आईला लाडाने मारलेली ही जर्मन हाक. गाणं निकोने स्वतः लिहिलेलं, आणि पेटीही तिचीच.