मागवली आणि मागवतात

‘इतक्या हजार डॉक्टरांनी आमची चाचणी मागवली’ आणि ‘इतके हजार डॉक्टर आमची चाचणी मागवतात’. घाईत वाचलं तर दोन्ही वाक्यं सारखीच. पण पहिल्यातला आकडा कधीच कमी होत नाही. ज्याने एकदा मागवली त्याचं नाव वहीत चढलं, ते कायमचं. पुढे त्याने ती चाचणी पुन्हा मागवली नाही, दवाखाना बंद केला, देवाघरी गेला, तरी तो मोजला जातो. दुसऱ्या वाक्यातला आकडा मात्र दर तिमाहीला नव्याने कमवावा लागतो.

हा विषय निघाला तो भाच्यामुळे. पुण्यात नोकरीला आहे, गणपतीला सांगलीला येतो. भडंग खाता खाता फोन पुढे केला. "मामा, बघा की. डॉक्टर किती वाढायलेत." रक्तावरून कॅन्सर शोधणाऱ्या एका अमेरिकन कंपनीचे थोडे शेअर त्याने घेतलेत. कंपनीच्या सादरीकरणात एक निळा आलेख होता, डावीकडून उजवीकडे जिन्यासारखा चढलेला. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, की हा आकडा चाचणी बाजारात आल्यापासूनचा एकूण आहे. म्हटलं, अरे, हा आलेख खाली येऊच शकत नाही. वयासारखं आहे ते, वाढतच जाणार.

मला हे चटकन दिसलं त्याला कारण आहे. मी सव्वीस वर्षं एमआर, म्हणजे औषध कंपनीचा डॉक्टरांकडे फिरणारा प्रतिनिधी, होतो. मिरज, सांगली, तासगाव, विटा हा माझा पट्टा. नव्वदच्या दशकात कंपनीने आम्लपित्ताची एक गोळी आणली. तीन महिन्यांनी कोल्हापूरच्या मीटिंगमध्ये मी छाती फुगवून सांगितलं, बेचाळीस डॉक्टर कन्व्हर्ट झाले, म्हणजे आपली गोळी लिहू लागले. आमचे एरिया मॅनेजर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरवर मागे बसून मिरजेला आले आणि मिशन हॉस्पिटलच्या आसपासच्या चार मेडिकल दुकानांत मला घेऊन गेले. बिलबुकातल्या कार्बन कॉप्या चाळायच्या, कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर काय गेलं ते टिपायचं, याला आमच्यात आरसीपीए म्हणतात. तासाभराने त्यांनी माझ्याच डायरीत लिहिलं: नऊ.

बाकीच्या तेहतीस जणांनी मला फसवलं नव्हतं. त्यांनी खरंच लिहिली होती, एकदा. पोरगा आठ दिवसांआड येऊन बसतोय, लिहू एखादी, या भिडेपोटी. धंद्यात त्याला ‘ऑब्लाइज करणं’ म्हणतात. भिडेची चिठ्ठी आणि सवयीची चिठ्ठी दिसायला एकसारखीच असते, तोच कागद, तीच सही. फरक दुसऱ्या महिन्यात कळतो.

आता दोन कंपन्या धरू, आकडे सोयीचे घेऊन. पहिली दर तिमाहीला १,००० नवे डॉक्टर जोडते. प्रत्येक जण सुरुवातीला एक चाचणी मागवतो आणि पुढे पाचातला एकच जण तिमाहीला एक मागवत राहतो. पहिल्या तिमाहीत १,००० चाचण्या, दुसऱ्या तिमाहीत १,२००, तिसऱ्या तिमाहीत १,४००. एकूण डॉक्टर ३,०००. चाचण्याही वाढल्या, डॉक्टरही वाढले, सादरीकरण देखणं झालं. दुसरी कंपनी तिमाहीला ५०० च जोडते, पण तिचा डॉक्टर पहिल्या तिमाहीत एक आणि नंतर दर तिमाहीला तीन मागवतो. तिच्या चाचण्या ५००, मग २,०००, मग ३,५००. एकूण डॉक्टर १,५००, म्हणजे पहिलीच्या निम्मे.

चौथ्या तिमाहीत दोघींनी नवे डॉक्टर जोडणं थांबवलं असं समजा. पहिलीच्या चाचण्या १,४०० वरून ६०० वर येतात. दुसरीच्या ४,५०० होतात. पहिलीची सगळी वाढ विक्रीवाल्या पोरांच्या तंगडतोडीतून येत होती. पोरं थांबली की धंदा थांबला.

भाचा हुशार आहे. लगेच म्हणाला, "मग चाचण्यांना डॉक्टरांनी भागायचं, झालं." तेवढ्याने भागत नाही, आणि इथे चांगले चांगले फसतात. दुसऱ्या कंपनीचंच बघा. तिसऱ्या तिमाहीत ३,५०० भागिले १,५००, म्हणजे डॉक्टरमागे २.३३. आता थांबण्याऐवजी चौथ्या तिमाहीत तिने विक्रीची पोरं कैकपट केली आणि एकदम ३,००० नवे डॉक्टर आले असं धरू. जुन्यांच्या ४,५०० चाचण्या, नव्यांच्या ३,०००, एकूण ७,५००. डॉक्टर आता ४,५००. सरासरी १.६७. सरासरी कोसळली, पण एकही जुना डॉक्टर सुटलेला नाही. नव्यांनी नुकतंच पाऊल टाकलंय, काहींनी तर तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात, एवढंच.

म्हणून खरं बघायचं असेल तर एकेक तुकडी वेगळी काढावी लागते. गेल्या वर्षी या तिमाहीत पहिल्यांदा मागवणारे जे डॉक्टर होते, ते यंदा काय करताहेत? आमच्या साखर पट्ट्यात कुणाला हे समजावून सांगावं लागत नाही. लागण म्हणजे नवा लावलेला ऊस, खोडवा म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यातून फुटलेला; दोघांचा हिशेब कुणी एकत्र लिहीत नाही. कंपन्या मात्र नेमका एकत्रच देतात.

खरं उदाहरण हवं तर एक्झॅक्ट सायन्सेस या कंपनीचं कोलोगार्ड घ्या. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी शौचाच्या नमुन्यातला डीएनए आणि रक्ताचा अंश तपासणारी ही चाचणी. एफडीए या अमेरिकेच्या सरकारी औषध नियामकाने तिला ऑगस्ट २०१४ मध्ये मंजुरी दिली. ही कंपनीसुद्धा ‘आजवर मागवणारे डॉक्टर’ हा आकडा सांगायची, पण सोबत पूर्ण झालेल्या चाचण्यांचा आकडाही द्यायची, आणि गंमत त्या दुसऱ्या आकड्यात आहे. २०१५ साली सुमारे १,०४,०००, २०१६ साली २,४४,०००, २०१७ साली ५,७१,०००, २०१८ साली ९,३४,०००.

‘पूर्ण झालेल्या’ हा शब्द का, तेही बघण्यासारखं आहे. डॉक्टरने मागवली की काम संपत नाही. पेशंटच्या घरी पांढरा खोका येतो. घरच्या संडासात नमुना घ्यायचा, बरणीत औषध ओतायचं, खोका कुरिअरला द्यायचा. बऱ्याच लोकांना तो खोका उघडायचीच किळस येते, काही जण उद्या उद्या करत तो कपाटावर ठेवतात. कंपनीची माणसं घरोघर फोन करून आठवण करायची, तरी साधारण तिनातला एक खोका परत येत नसे. त्यामुळे डॉक्टरच्या बाजूने ‘मागवली’ आणि प्रयोगशाळेच्या बाजूने ‘झाली’ यांत एवढं अंतर पडतं. आणि झाली म्हणजे पैसे आले असंही नाही. कंपनीचं २०१५ चं उत्पन्न सुमारे ३.९४ कोटी डॉलर. चाचण्यांनी भागलं तर एका चाचणीमागे ३७९ डॉलर पडतात. २०१८ साली ४५.४५ कोटी, म्हणजे चाचणीमागे सुमारे ४८७. सरकारी विम्याचा ठरलेला दर तेव्हा ५०० च्या आसपास. मधली तूट विमा कंपन्यांनी न दिलेल्या किंवा कमी दिलेल्या बिलांची.

डॉक्टर पुन्हा का मागवत नाही, हे एमआरला गुंतवणूकदारापेक्षा लवकर कळतं. २०१४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये या चाचणीचा सुमारे १०,००० लोकांवरचा अभ्यास आला. तिने १०० पैकी ९२ कॅन्सर पकडले, शौचातलं फक्त रक्त शोधणाऱ्या जुन्या स्वस्त फिट चाचणीने ७४. ही पहिल्या चिठ्ठीची बाजू. पण ज्यांना कॅन्सर किंवा धोक्याची गाठ नव्हती अशा १०० जणांपैकी सुमारे १३ जणांना या चाचणीने पॉझिटिव्ह ठरवलं, फिटने सुमारे ५ जणांना. आता अशा तेरातला एक माणूस समोर बसलाय असं समजा. आठ दिवस झोपला नाही, कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करून घेतली, आत काही नाही, आणि त्या काळात वर बिलही. डॉक्टरला जर्नलमधले ९२ आठवत नाहीत, हा माणूस आठवतो. असे दोन पेशंट लागोपाठ आले की हात आखडतो. उलट एखाद्याचा कॅन्सर लवकर सापडून जीव वाचला, तर तोच डॉक्टर वर्षभर मागवत राहतो. म्हणून दुसरी चिठ्ठी बघायची. ती अनुभवातून येते, पहिली माहितीतून.

बाजाराला ही दोन टोकं कशी वेगवेगळी दिसतात, ते ऑक्टोबर २०१५ मध्ये दिसलं. अमेरिकेतल्या प्रतिबंधक तपासण्यांच्या सरकारमान्य तज्ज्ञ समितीने मसुद्यात कोलोगार्डला मुख्य यादीत न घेता ‘पर्यायी’ म्हटलं, आणि शेअर एका दिवसात जवळजवळ निम्म्यावर आला. ‘आजवरचे डॉक्टर’ या आकड्यातून त्या दिवशी एकही नाव कमी झालं नाही, होणारच नव्हतं. भीती सवयीची होती: समितीचा शिक्का नसेल तर विमा पैसे देईल का, आणि विमा देत नसेल तर डॉक्टर पुन्हा लिहील का. जून २०१६ च्या अंतिम शिफारशीत चाचणी इतर पर्यायांच्या रांगेत आली. मधल्या काळात चाचण्या वाढतच होत्या, हे ज्यांनी पाहिलं त्यांना त्या पडझडीत स्वस्तात माल मिळाला. ऑगस्ट २०१८ मध्ये फायझर या बड्या औषध कंपनीबरोबर एकत्र प्रचाराचा करार झाला. असा करार झाला की वर सांगितलेली सरासरीची फसगत हमखास होते, नवे डॉक्टर लोंढ्याने येतात.

एक आडवळण. मोठ्या डॉक्टरने परिषदेत कौतुक केलं म्हणजे चाचणी रुळली, असं भाच्याला वाटत होतं. कोलोगार्ड लिहिणारे मुख्यतः साधे फॅमिली डॉक्टर. पोटाचा विशेषज्ञ कशाला लिहील, त्याचा धंदाच कोलोनोस्कोपीचा. मिरजेतही हेच शिकलो: बोर्डावर डिग्र्यांच्या तीन ओळी असलेल्या डॉक्टरकडे फोटो काढून घ्यायचा, आणि गोळी खपवायला तासगावच्या एमबीबीएसकडे जायचं.

तिथे आणखी एक मेख आहे. गोळी महिन्याला संपते, तोच पेशंट तीच चिठ्ठी घेऊन परत येतो. कोलोगार्ड तीन वर्षांतून एकदा. म्हणजे डॉक्टरची सवय टिकली असं म्हणायला त्याला दर वेळी नवा पेशंट आठवावा लागतो. कॅन्सरच्या चाचणीत सवय लागणं गोळीपेक्षा अवघड, आणि लागली की तीन वर्षांनी जुने पेशंट परत येऊ लागतात, ते वेगळं पीक.

भाच्याने विसर्जनाच्या आधी कंपनीला मेल टाकला: गेल्या वर्षी पहिल्यांदा मागवणाऱ्या डॉक्टरांपैकी या तिमाहीत किती जणांनी पुन्हा मागवली? पुण्याला पोचल्यावर त्याचा फोन आला. "मामा, उत्तर आलंय. गोड लिहिलंय एकदम."

"आकडा दिला?"

"दिला की. लाँचपासून आजवरचा."