वास्तुकला महाविद्यालयांच्या क्रमवारीची विश्वासार्हता

वास्तुकला महाविद्यालयांची क्रमवारी म्हणजे ठरावीक निकषांवर दिलेल्या गुणांच्या बेरजेवरून लावलेला संस्थांचा अनुक्रम होय. भारतात केंद्र शासनाच्या ‘एनआयआरएफ’ क्रमवारीत वास्तुकलेची स्वतंत्र यादी २०१८ मध्ये आली. पहिल्या यादीत केवळ १० संस्था होत्या. २०१८ ते २०२० या काळात खरगपूरची आयआयटी प्रथम होती. २०२१ पासून तो मान रुरकीच्या आयआयटीकडे आला.

या क्रमवारीत अध्यापन व साधने, संशोधन व व्यावसायिक काम, पदवीधरांची वाटचाल, समावेशकता आणि संस्थेविषयीचे जनमत असे पाच निकष आहेत. अध्यापकसंख्या, खर्च, नोकऱ्या यांची माहिती संस्था स्वतः भरतात आणि सहभागही ऐच्छिक असतो, त्यामुळे यादीत नाव नसणे हा कमी दर्जाचा पुरावा ठरत नाही. शोधनिबंध व इतरांनी त्यांचे घेतलेले संदर्भ आंतरराष्ट्रीय सूचींवरून मोजले जातात. साहजिकच संशोधनाची परंपरा असलेल्या तंत्रशिक्षण संस्थांना याचा लाभ होतो, तर ज्यांचे अध्यापक प्रत्यक्ष व्यवसाय करून शिकवायला येतात, अशा महाविद्यालयांचे खरे बळ गुणांत उतरत नाही.

वास्तुकलेचे शिक्षण मुख्यतः स्टुडिओत, म्हणजे आराखडे तयार करण्याच्या वर्गात, घडते. ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडण्याच्या, दिवशी विद्यार्थी नकाशे भिंतीवर लावतो, मॉडेल पुढे ठेवतो. परीक्षक जिन्याची जागा, खांबांची मांडणी, पश्चिमेच्या खिडकीतून येणारे ऊन यांवर प्रश्न विचारतात आणि त्या चर्चेतून आराखडा पुन्हा बदलतो. हा व्यवहार किती कसदार आहे, हे कोणत्याही तक्त्यात नोंदवता येत नाही. क्रमवारीची सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

‘क्यूएस’ या ब्रिटिश संस्थेच्या जागतिक विषयवार यादीत, वास्तुकलेच्या यादीतही, शिक्षणतज्ज्ञ व नियोक्त्यांच्या मतांना मोठे वजन असते. २०१९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजची बार्टलेट ही वास्तुकला शिक्षणसंस्था प्रथम आली आणि २०२० मध्ये पुन्हा अमेरिकेची एमआयटी. एका वर्षात अध्यापन इतके बदलत नाही. वरच्या क्रमांकांतील असे फेरबदल अल्प गुणांच्या फरकानेही होऊ शकतात.

शासकीय मान्यता मात्र क्रमवारीहून वेगळी असते. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ नुसार वास्तुविशारद म्हणून नोंदणीसाठी मान्यताप्राप्त पात्रता लागते. त्यामुळे प्रवेश घेताना महाविद्यालयाला याच अधिनियमाखालील वास्तुकला परिषदेची मंजुरी आहे की नाही, हे आधी तपासावे लागते. तेथे क्रमांक उपयोगी पडत नाही.